सहासष्ट किलोंचे मास्तर

काटेबाईंचा कुणावरच विश्वास नव्हता असं म्हणणं बरोबर होणार नाही. देवावर होता. आणि वडिलांनी मागे ठेवलेल्या वीस-वीस किलोंच्या तीन लोखंडी वजनांवर होता. बाकी सगळं तपासून घ्यावं, असं त्यांचं मत. बाजारात गेल्या की त्या भाजीकडे बघत नसत, भाजीवाल्याच्या करंगळीकडे बघत. ती काट्याला टेकली आहे की सुटी आहे, एवढंच त्यांना महत्त्वाचं.

"बाई, तुम्ही आलात की परीक्षेला बसल्यासारखं होतं बघा," भाजीवाला म्हणे.

"मग अभ्यास करून बसत जा," त्या म्हणत.

काटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मधे जाड पडदा, पडद्यामागे संसार. दुकानदारांचे टेबलावरचे काटे, गोदामात पोती तोलायचा लोखंडी चौथऱ्याचा काटा, सोनाराचा काचपेटीतला नाजूक काटा, सगळं त्यांच्याकडे यायचं. वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून हे काम लेकीच्या हाती आलं. आणि लेकीच्या हाती ते असं बसलं, की तिचं खरं नाव मागे पडून गावभर 'काटेबाई' झालं.

वडिलांनी शिकवलेला एक नियम त्या कधी मोडत नसत. जो वजन ठेवतो, त्यानं आकडा वाचायचा नाही. वाचणारा दुसरा हवा. कारण ठेवणाऱ्याच्या मनात आकडा आधीच असतो, आणि मनातला आकडा डोळ्यांना दिसायला लागतो. लहानपणी वडील वजन ठेवायचे, "बोल," म्हणायचे, आणि ही परकरी वयाची पोर आकडा वाचायची. लग्नानंतर वाचायचं काम नवऱ्याकडे आलं. नवरा शिंपी. दुकानातच खिडकीखाली त्याचं शिलाई मशीन. सगळे त्यांना मास्तर म्हणत. काटेबाई पितळी वजन ताटात ठेवून मान वळवत आणि म्हणत, "बोला." मास्तर मशीनचं पायडल थांबवून, चष्मा नाकावर सरकवून आकडा सांगत. तीस वर्षं असंच चाललं. घरात भांडण झालं, अबोला झाला, तरी तेवढा एक शब्द आणि तेवढा एक आकडा दोघांत चालूच असायचा.

मागच्या थंडीत मास्तरांना दम लागायला लागला. दवाखान्यात ठेवावं लागलं. हृदय पूर्वीच्या जोरानं रक्त ढकलत नाही, म्हणून अंगात पाणी साठतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या दिल्या, मीठ तोडलं. तिथल्या सिस्टरनी निघताना बजावलं, "काकू, रोज सकाळी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं. लगेच फोन करायचा. उशीर झाला तर ते पाणी छातीत जातं."

वजन करायचं, हे काटेबाईंना सांगायची गरज होती का? त्यांनी मास्तरांना पोत्यांच्या काट्यावर उभं करायला सुरुवात केली. सकाळी केलं, जेवणाआधी केलं, जेवणानंतर केलं. शंभर ग्रॅम इकडे झाले की सिस्टरला फोन, दोनशे तिकडे झाले की फोन. एका आठवड्यात अकरा फोन झाले. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "काकू, माणूस नुसतं पेलाभर पाणी प्यायला तरी दोनशे ग्रॅम वाढतो हो." हे मास्तरांनी ऐकलं आणि धास्तीनं पाणीच सोडलं. तिसऱ्या दिवशी मशीनवर बसल्या बसल्या घेरी येऊन पडले.

मग दुसऱ्या शहरात नोकरीला असलेला मुलगा धावत आला, आणि येताना तो काचेचा काटा घेऊन आला.

काळी काच, बोटभर जाड, वर चार चकचकीत चकत्या. अनवाणी उभं राहायचं. पायांतून म्हणे न जाणवेल इतकी वीज जाते, आणि वजन, चरबी, पाणी, स्नायू, हाडं, सगळ्याचे आकडे निघतात. ते घरातल्या इंटरनेटवरून आपोआप मुलाच्या फोनवर जाणार, आणि मुलगा आठवड्याचा तक्ता सिस्टरना पाठवणार.

"हाडांचं वजन?" काटेबाईंनी विचारलं. "सुटी काढून तोलतो का हा?"

"अंदाज असतो, आई."

"मग अंदाज म्हण. वजन कशाला म्हणतोस?"

"आई, ऐक माझं." मुलगा पायरीवर त्यांच्याशेजारी बसला. "आता यात तू पडायचं नाहीस. तू बाबांना घाबरवतेस. बाबा सकाळी चढतील, उतरतील, आकडा माझ्याकडे येईल. काही वाटलं तर मी बोलेन सिस्टरशी. आणि त्यांच्यानंतर तूही चढत जा. तुझंही कळू दे."

"दोघं चढलो तर त्याला कसं कळणार कोण आहे ते?"

"ओळखतो तो आपोआप."

"कशावरून? पायावरून?"

"ओळखतो, आई. स्मार्ट आहे."

काटेबाईंना म्हणायचं होतं, की कशावरून ओळखतो हे ज्याला माहीत नाही त्यानं स्मार्ट म्हणू नये. पण मास्तरांच्या कपाळावर पडल्याची खोक अजून ताजी होती, आणि ती आपल्यामुळे आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी देवासमोर हात जोडून मनाशी ठरवलं, की आता मास्तरांचा आकडा बघायचा नाही. विचारायचासुद्धा नाही.

काही दिवस बरे गेले. मुलाचा रोज फोन यायचा. बाबा सहासष्ट, आई एकोणसत्तर, सगळं ठीक. मग महिना उलटला, दुसरा लागला, आणि बातम्या नुसत्या ठीकच्या पलीकडे जाऊ लागल्या.

"बाबा, तुमच्या शरीराचं वय किती आलंय माहितीये? एक्केचाळीस!"

मास्तर खूश. "ऐकलंस का गं? एक्केचाळीस."

"छान झालं," काटेबाई म्हणाल्या. "उद्यापासून मला ताई म्हणा."

वरवर त्या हसल्या. पण आतून काहीतरी टोचलं. काट्याचा आकडा फार छान यायला लागला की काटेबाईंना नेहमीच टोचायचं. बिघडलेला काटा तक्रार करतो, पण लबाड काटा गिऱ्हाइकाला खूश ठेवतो, हे त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं. त्या काचेवरून त्यांची नजर मास्तरांवर गेली, आणि मग ती हटेना.

मास्तर पूर्वी एक उशी घेऊन झोपत. आता दोन घेत होते. आणि एके दिवशी शिलाई मशीनच्या खुर्चीवरची गादी दिसेना. ती सापडली पलंगावर, दोन उशांच्या खाली.

"ही इथं कशी?"

"मानेला बरं पडतं."

"तीन मजल्यांवर?"

"अगं, झोपू दे ना माणसाला."

मग मोजे. मास्तर मोज्याचं रबर कात्रीनं कापून टाकायला लागले होते. विचारलं तर म्हणाले, गरम होतं. बूट घट्ट झाले, तर म्हणाले, पावसात भिजून आटले असतील. बूट पावसात गेल्याचं काटेबाईंना आठवेना. आणि दुपारी त्या आत पडल्या असताना मशीनचा आवाज यायचा. थोडाच वेळ, हळू, चोरून खाल्ल्यासारखा. एकदा त्या पडद्याआडून अचानक बाहेर आल्या, तर मास्तरांनी हातातलं काहीतरी झटकन कापडाखाली सारलं.

संध्याकाळी मास्तर फिरायला गेल्यावर त्यांनी ते कापड उचललं. खाली मास्तरांचीच पँट होती. कंबरेची शिवण उसवून बोटभर सैल केलेली, वर नवा दोरा. काटेबाईंनी तो दोरा नखानं दाबून पाहिला.

मास्तर आल्यावर त्यांनी पँट समोर धरली. "ही कुणाची?"

"गिऱ्हाइकाची."

"गिऱ्हाइकाच्या खिशात तुमचा रुमाल कसा?"

"अगं, दोन महिने घरात बसून खातोय. पोट सुटलं थोडं."

"वजन वाढलं नाही आणि पोट सुटलं?"

"मग विचार ना तुझ्या लेकाला. त्याच्या फोनवर सगळं आहे."

खरंच होतं. सगळं फोनवर होतं आणि फोन म्हणत होता, मास्तर सहासष्ट. काटेबाईंचा संशय मग भलत्याच वाटेला गेला. हे चोरून खारं खात असतील. फिरायला म्हणून जातात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात खारे दाणे खातात. त्या दुकानदाराचा काटा त्यांनीच दुरुस्त केला होता, म्हणून त्या सरळ जाऊन विचारून आल्या. दुकानदार शपथेवर म्हणाला, "बाई, मास्तर इथं उभे राहतात ते फक्त दम घ्यायला. पूर्वी चौकापर्यंत जायचे. आता माझ्या दाराशीच थांबतात आणि परत फिरतात."

हे ऐकून त्या घरी आल्या आणि मुलाला फोन लावला.

"तुझा काटा खोटा आहे."

"आई, झालं का सुरू?"

"तुझे बाबा सुजलेत."

"आई, बाबांचं वजन तर थोडं उतरलंय. आज सकाळी सहासष्टला शंभर कमी. उलट तुझंच वाढलंय. अडुसष्टवरून एकोणसत्तरच्या पुढे गेलीस. तू जरा चालत जा."

"मी?" काटेबाईंचा हात नकळत घड्याळाच्या पट्ट्यावर गेला. तो पट्टा दोन भोकं आत गेला होता, आणि घड्याळ तरी मनगटावर फिरत होतं. "मी आज सकाळी चढले तेव्हा सहासष्टच्या आत होते. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"सहासष्ट बाबा आहेत, आई. तू चुकून त्यांचा आकडा बघितला असशील. वर राहिला असेल."

काटे दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या बाईला तिचा मुलगा सांगत होता, की तू आकडा चुकीचा वाचलास. काटेबाईंनी फोन ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांना भीती वाटली. आपण इतक्या वेळा उगाच ओरडलो आहोत, की आता खरंच काही असलं तरी कुणी ऐकणार नाही. अकरा फोन आपण आधीच खर्चून बसलोय. बाराव्याला पुरावा लागेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मास्तर त्यांच्या तीन मजल्यांवर डोळा लागून पडले असताना, त्यांनी तो काचेचा काटा उचलला आणि दुकानात आणला. फरशी जिथं सगळ्यात सपाट होती तिथं ठेवला. वडिलांची वजनं फडक्यानं पुसली. आणि काटा कुठल्याही उपऱ्या काट्यासारखा तपासायला घेतला.

आधी मधोमध एक वीस किलो. वीस आले. दोन ठेवली, चाळीस. तिसरं वर चढवलं, साठ. मग एक वजन चारी कोपऱ्यांवर फिरवून बघितलं. कोपऱ्याला खोटा काटा लगेच उघडा पडतो. हा पडला नाही. काटेबाईंना धक्का बसला, थोडं वाईटही वाटलं. काटा सच्चा निघाला होता.

मग त्यांनी साठ किलोंवर शंभर ग्रॅमचं पितळी वजन ठेवलं. साठच. ते खाली काढलं, सगळं उतरवलं, पुन्हा चढवलं, शंभरऐवजी दोनशे ठेवलं. तरी साठच. "अच्छा!" त्या मोठ्यानं म्हणाल्या. फरक थोडा असला की हा नव्यानं तोलतच नव्हता, मागचाच आकडा पुन्हा सांगत होता. आळशी कारकुनासारखा. पण पाचशे ग्रॅम ठेवले तेव्हा निमूटपणे साठ पाचशे म्हणाला. म्हणजे आळस खरा, पण तो दोन-तीनशे ग्रॅमचा. मास्तरांची कंबर बोटभर वाढवायला तो पुरेसा नव्हता.

राहिला एकच आकडा. काल ज्यावरून वाद झाला तो. सहासष्ट ठेवले तर हा सहासष्टच म्हणतो का? तीन विसांवर त्यांनी पाचाचं वजन ठेवलं, त्यावर एकाचं. नियमाप्रमाणे वाचायला दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि स्वतःच वाकून बघितलं. सहासष्ट. आकडा दोनदा लुकलुकला आणि विझला.

त्या कपाळाला हात लावून बसल्या. काटा बरोबर, वजन बरोबर. मग चुकतंय ते काय? मीच का? मास्तर सुजलेत हेसुद्धा माझ्या मनातलं डोळ्यांना दिसतंय का?

तेवढ्यात फोन वाजला. मुलगा.

"आई, बाबांनी आत्ता दुपारी परत वजन केलं का?"

"का रे?"

"आत्ताच आलं. सहासष्ट. मस्त आहे की. उगाच घाबरतेस तू. फक्त चरबीचा आकडा नाही आला. मोजे घालून चढलेत वाटतं. त्यांना सांग, मोजे काढून उभं राहायचं."

काटेबाई समोर बघत राहिल्या. काळ्या काचेवर तीन काळी वजनं, वर पाचाचं, वर एकाचं, एकावर एक, अगदी शहाण्यासारखी उभी होती.

"आई? ऐकतेस ना?"

"बाळा," त्या म्हणाल्या, "तुझे बाबा आत झोपलेत."

"मग?"

"काट्यावर तुझ्या आजोबांचं लोखंड आहे."

"लोखंड?"

"लोखंडाला तू बाबा म्हणालास. मोजे काढायला सांगतोस त्याला. आता नीट आठवून सांग, तो माणूस कसा ओळखतो?"

मुलगा अडखळत बोलायला लागला. वजनावरूनच ओळखत असणार. आधीच्या आकड्याच्या जवळचा आकडा ज्याचा, तो माणूस. मधे काही दिवस फोनवर विचारणा यायची, हे माप कोणाचं म्हणून. "सहासष्ट-सदुसष्टच्या आसपास असलं की मी बाबांचं नाव दाबायचो. जास्त असलं की तुझं. मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते कळलं मला. तुला बाबा बरे हवे होते."

त्यांना सगळा हिशोब एका क्षणात दिसला. त्या एकोणसत्तरवरून उतरत उतरत सहासष्टवर आल्या होत्या. मास्तर सहासष्टवरून चढत चढत त्यांच्या जागी गेले होते. वाटेत कुठंतरी दोघं एकमेकांना ओलांडून गेले, आणि काट्यानं ओलांडतानाच नावं बदलली. तक्त्यावर जे मास्तर रोज बरे होत होते, त्या काटेबाई होत्या.

त्या उठल्या, पडदा सारून आत गेल्या आणि मास्तरांना हलवलं. "उठा. चला माझ्याबरोबर."

"कुठं?"

"पोत्यांच्या काट्यावर."

मास्तरांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि का म्हणून विचारलं नाही. भिंतीला धरून, मधे एकदा थांबून, ते लोखंडी चौथऱ्यावर चढले. काटेबाईंनी आकडा वाचला. एकोणसत्तर, चारशे.

मग त्यांनी सिस्टरचा नंबर लावला.

"काकू," सिस्टर थकल्या आवाजात म्हणाल्या, "मुलानं कालच तक्ता पाठवलाय. काका अगदी छान आहेत त्यात."

"तक्त्यात मी आहे, सिस्टर."

"म्हणजे?"

"काही दिवस झाले, तक्त्यात मीच आहे. माझं उतरलं आणि ह्यांचं चढलं, आणि त्या काट्यानं मला ह्यांचं नाव लावलं. हे तीन उशांवर झोपतात. पायावर बोट दाबलं की खळगा राहतो. आत्ता लोखंडी काट्यावर एकोणसत्तर चारशे. तुमच्याकडून निघाले तेव्हा सहासष्ट होते. माझे अकरा फोन विसरा. हा एक धरा."

सिस्टरचा आवाज बदलला. "गाडी बघा आणि निघा, काकू. त्यांना चालवत आणू नका."

दवाखान्यातल्या बाकावर, आत बोलावायची वाट बघत, दोघं शेजारी बसले. भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. मास्तर मधूनच तोंडानं श्वास घेत होते.

"काचेवर आकडा दिसत होता की तुम्हाला," काटेबाई समोर बघत म्हणाल्या. "रोज चढत होतात."

"वाकलं की दम लागतो. उभ्यानं दिसत नाही."

"चष्मा लावून दिसतो."

मास्तर म्हणाले, "एकदा लावून बघितलं होतं. अडुसष्ट होतं. लगेच त्याचा फोन आला, बाबा, सहासष्ट, शाब्बास. म्हटलं, यंत्र आहे, फोन आहे, शिकलेला मुलगा आहे. मीच चुकलो असेन. त्या दिवसापासून चष्मा काढून चढायचो."

"आणि पँट उसवताना चष्मा होता?"

"होता," मास्तर म्हणाले. "तुला सांगितलं असतं तर तू पुन्हा इथं आणून ठेवलं असतंस. मला परत त्या पलंगावर पडायचं नव्हतं गं."

काटेबाईंना खूप बोलायचं होतं. तीस वर्षं दुसऱ्यांचे काटे पकडले आणि घरातला हा एवढा मोठा सुटला, असं काहीतरी. पण त्यांनी फक्त मास्तरांचा सुजलेला हात आपल्या हातात घेतला. मास्तरांनी त्यांच्या बाहीची शिवण बोटांत धरली.

"तुझी ही बाही मी आत घेतलीय, कळलं नाही तुला," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच. म्हणजे खांद्यावरून गळायला नको. तुझे पाच कपडे घेतले आत. एकीकडे माझं सैल करायचो, एकीकडे तुझं घट्ट. दोन्ही लपवून. मग तू तरी का नाही बोललीस? तुझा पट्टा दोन भोकं आत गेलाय."

मीठ काटेबाईंनीही सोडलं होतं, एकट्यानं कसं खायचं म्हणून. मग भूकच गेली होती. आपल्याला काय झालंय, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. तपासायचं तर सगळ्या जगाला तपासत होत्या.

तेवढ्यात आतून हाक आली.

मास्तरांना तीन दिवस ठेवून घेतलं. सुया देऊन पाणी काढलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन दिवस गेले असते तर छातीत भरलं असतं, मग घरून इथवर आणायलाही वेळ मिळाला नसता. निघताना सिस्टरनी गोळ्यांचा कागद मास्तरांच्या हातात दिला आणि काटेबाईंकडे वळल्या. "आणि काकू, तुमचे तीन किलो कुठं गेले? उद्या तुम्ही उपाशीपोटी यायचं. रक्त तपासायचं." काटेबाई काही सबब सांगणार होत्या. पण मास्तर मधेच म्हणाले, "येईल ती. मी घेऊन येतो."

रक्तात काही भयंकर निघालं नाही. रक्त कमी होतं, आणि पोटात अन्न कमी होतं. देवाची कृपा, असं काटेबाई म्हणाल्या. सिस्टर म्हणाल्या, कृपा आहे, पण जेवा.

मुलगा सुट्टी काढून आला तेव्हा फार ओशाळला होता. फोनवर कुठं काय निवडायचं असतं, नावं हातानं कशी लावायची, सगळं आईला समजावून सांगायला लागला. काटेबाईंनी ऐकून घेतलं. "तुझा काटा चांगला आहे रे," त्या म्हणाल्या. "थोडा आळशी आहे, पण कोपरे सच्चे आहेत. वजन बरोबर सांगतो. माणूस चुकीचा सांगतो." काच त्यांनी फेकली नाही. दुकानात फळीवर ठेवली. कुणी गिऱ्हाईक विचारायचं, बाई, हा नवा काटा कसला? तर त्या म्हणायच्या, "ह्यानं माझ्या वडिलांच्या वजनांना मोजे काढायला लावले," आणि पुढचं काही सांगायच्या नाहीत.

आता रोज सकाळी पडदा सारून दोघं पोत्यांच्या काट्याशी येतात. आधी मास्तर चढतात. हात दोन्ही बाजूंना सोडून सरळ बघत उभे राहतात.

"बोल," ते म्हणतात.

"सहासष्ट, तीनशे."

मास्तर हळूच उतरतात, स्टुलावर बसून दोन श्वास घेतात आणि खिशातून चष्मा काढतात. काचा सदऱ्याच्या टोकाला पुसतात. पहिल्या दिवशी काटेबाई चौथऱ्याशी थोड्या घुटमळल्या होत्या. आपला आकडा दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा म्हणजे काय असतं, हे त्यांना तेव्हा कळलं. मग त्या चढल्या, मान वळवून भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या.

"बोला," त्या म्हणाल्या.

"पासष्ट, आठशे."

"नीट बघितलं का? चष्मा आहे ना डोळ्यांवर?"

"आहे. उतर आता, आणि दोन घास जास्त खा."

"बाह्या सैल करून द्या माझ्या. घट्ट होतात."

"होत नाहीत," मास्तर म्हणाले. "होतील तेव्हा मला दिसेल. दोरा काढून ठेवलाय."